गजभिये मास्तरांचा धाकटा

१८ जानेवारी, रविवार. आजचं काम: गजभिये मास्तरांच्या धाकट्या सिंथेसायझरची बॅटरी बदलणे.

बॅटरी म्हणजे रुपयाएवढी चपटी गोळी. दहा स्क्रू, दोन ठिकाणचं सोल्डरिंग, पाऊण तासाचं काम. ते मी दोन महिने टाळलं. गोंदियाला लागून फुलचूरला माझं दुरुस्तीचं दुकान आहे. मिक्सर, पंखे, इन्व्हर्टर, अलीकडे सीसीटीव्ही. बावीस वर्षांत मी कोणत्याही वस्तूला घाबरले नाही. या एका पेटीला घाबरते, कारण तिची बॅटरी काढली की तिच्या पोटात साठवलेले चौसष्ट आवाज पुसले जातात, आणि ते ज्यांनी बनवले ते आता नाहीत. एकदा ते माझ्याच हातानं पुसले गेले होते. तेव्हा मास्तर होते.

मास्तर सौंदडचे. घरचे दोन एकर धान, आणि दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे गावजत्रा, सुरू झाली की होळीपर्यंत गावोगावच्या नाटकांत आर्गन वाजवायचे. आर्गन म्हणजे खरं तर सिंथेसायझर, पण आमच्या झाडीपट्टीत नाटकाला जे बोटांनी वाजतं ते आर्गन, आणि जो वाजवतो तो मास्तर. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नाही.

चार वर्षांपूर्वी ते पहिल्यांदा दुकानात आले, तेव्हा सकाळचे सव्वादहा वाजले होते आणि काउंटरवर तीन गिऱ्हाइकं उभी होती. पॅसेंजरनं आले होते. खांद्यावर गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक. मला वाटलं, पेशंटच घेऊन आले. ते त्यांनी काउंटरवर आडवं ठेवलं आणि तक्रार सांगायच्या आधी विचारलं, "जेवल्या का बाई?"

"सव्वादहाला कोण जेवतं?"

"मंग बसा." पिशवीतून डबा काढला. भात आणि सुकी मासोळी. झाकणात माझा वाटा काढला, मग तिन्ही गिऱ्हाइकांना कागदावर दिला. एक बाई बाहेर स्कूटरवर बसून नवऱ्याची वाट पाहत होती, तिलाही हाक मारली. ती म्हणाली, "भैया, मैं नॉनवेज नहीं खाती." तिच्यासाठी डब्यातलं लोणचं निघालं. सगळ्यांच्या हातात काहीतरी पडल्यावरच ते स्वतः जेवायला बसले. मी तोवर पेटीचे स्क्रू काढले होते.

हे दर वेळी चालायचं. दुकानात सात माणसं असोत की एक, वाटा पडायचाच. मीटर वाचायला आलेल्या माणसाला त्यांनी एकदा अर्धी पोळी दिली होती, तो बिचारा रीडिंगच विसरून गेला. मी म्हटलं, "मास्तर, माझं दुकान आहे, लग्नाचा मांडव नाही." ते म्हणाले, "एकाले वाढाचं न् दुसऱ्याकडे पाहाचंच नाही, हे मले नाही जमत. सप्पायले वाढा, नाहीत त डबाच नका उघडू." त्यामागचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं, तेही सोल्डरिंगचा धूर हातानं बाजूला सारत. त्यांच्या आजाची पंगत गावात सगळ्यांत शेवटी बसायची, गोठ्याच्या मागे, आणि कधी कधी भात संपलेला असायचा. एवढंच सांगितलं आणि लगेच विचारलं, "हा लाल वायर कायचा होय?"

त्यांच्याकडे एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे दोन सिंथेसायझर होते. पहिला नागपूरहून नवा घेतलेला, तो 'मोठा'. दुसरा बालाघाटची एक ऑर्केस्ट्रा पार्टी मोडली तेव्हा मिळालेला, तो 'धाकटा'. मोठा गाण्यांसाठी, धाकटा सीनसाठी. कंपनीनं आत व्हायोलिन-पियानो असलं काहीबाही भरून दिलेलं. मास्तरांनी प्रत्येक आवाज वर्षानुवर्षं घासून, वाकवून आपल्या कामाचा केला होता. धाकट्याच्या यादीत 'भूत' होतं, 'कावळा' होता, 'आगगाडी' होती, 'रडणं एक' आणि 'रडणं दोन' होती. 'सरपंच' नावाचा एक आवाज होता, तो खलनायक रंगमंचावर येताना लागायचा.

हे आवाज दुसऱ्या कुणा वादकाला कळू नयेत म्हणून दोन्ही पेट्यांच्या स्क्रीनवर काळी चिकटपट्टी लावलेली. तिरोड्याचे पटले नावाचे आर्गनवाले दर सीझनला भेटायला यायचे आणि बोलता बोलता पट्टीच्या कोपऱ्याला नख लावायचे. मास्तर त्यांना आग्रहानं चार-चार करंज्या वाढत आणि पेटीवर गोधडी टाकत. म्हणत, "पटलेजी, पोटभर खा. पेटीकडे नका पाहू."

त्या पहिल्या दिवशी मी धाकट्याची पट्टी काढली तेव्हा खाली इंग्रजीत सूचना दिसली, बॅटरी संपत आली आहे म्हणून.

"तीन वर्षं झाली सांगून राहिली," मास्तर म्हणाले. "माझी सासूबी अशीच. आज जातो, उद्या जातो म्हणे. अकरा वर्षं जगली."

"ही जगणार नाही. ही गेली की आतले आवाज गेले."

"सप्पा?"

"सप्पा."

ते स्टुलावर बसले. पाणी मागितलं. सीझनला महिनाभर होता.

उपाय मी शोधला. आवाजांची नक्कल कॉम्प्युटरमध्ये काढून ठेवायची, बॅटरी बदलायची, नक्कल परत पेटीत भरायची. कॉम्प्युटरमध्ये त्यासाठी एक एडिटर घालावा लागतो, त्यात पेटीतले सगळे आवाज यादीसारखे दिसतात. आणि दोन पेट्या एकदम जोडायच्या तर मधे एक मिडी राउटर लागतो. तो मी नागपूरहून मागवला. टिफिनच्या डब्याएवढा, पुढे-मागे गोल भोकं, प्रत्येक भोकात पाच पिनांची वायर. चार भोकं आत येण्याची, चार बाहेर जाण्याची. कोणाकडून आलेलं कोणाकडे पाठवायचं, हे कॉम्प्युटरवर चौकोनांत टिकमार्क करून ठरवायचं.

पुढच्या खेपेला दोन्ही पेट्या आणल्या तेव्हा मास्तरांनी तो हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिला. "म्हणजे हा गोंदिया जंक्शन होय."

मी अर्धा तास वायरी लावत बसले. पेटीच्या 'बाहेर'मधली वायर राउटरच्या 'बाहेर'मध्ये, 'आत'मधली 'आत'मध्ये. सरळ हिशेब. काहीच हलेना. एडिटर म्हणे, पेटी सापडत नाही. मी कॉम्प्युटर दोनदा बंद-चालू केला, राउटरला दोन शब्द ऐकवले. मास्तर शांतपणे बघत होते. मग म्हणाले, "बाई, सौंदडून निघते ते गाडी गोंदियाले येते ना? तुमी त सौंदडून निघालेली गाडी गोंदियातूनबी निघाली म्हणून राहिल्या. मंग ते पोचन कोठी?"

मी वायरी उलट केल्या. पेटी सापडली. तंत्रज्ञानातलं त्यांचं शिक्षण शून्य होतं, पण घर स्टेशनला लागून होतं.

यानंतर चौकोनांचा प्रश्न आला. मी मोठ्याकडून कॉम्प्युटरकडे एक टिकमार्क केला. बाकीचे चौकोन रिकामे. मास्तर पडद्याकडे वाकले.

"हे बाकीचे काऊन रिकामे?"

"लागत नाहीत."

"धाकट्याले काहीच नाही?"

"मास्तर, ही वायर आहे. तिला भूक नसते."

"तरीबी. तो जोडून बसला आहे, वायर लावून वाट पाहून राहिला. मोठ्याचा सप्पा कॉम्प्युटरले, न् त्याले ठेंगा? माझ्या पेटीत असं नाही चालत. सप्पायले टिक करा."

इथं मी नाही म्हणायला हवं होतं. गिऱ्हाईक म्हणतं म्हणून मी आजवर कुणाच्या फ्यूजमध्ये खिळा बसवला नाही. पण बाहेर दोन पंखे वाट बघत होते, मास्तरांच्या तोंडावर तो पंगतीतला हट्ट होता, आणि मला वाटलं, काय बिघडतंय? मी सगळ्या चौकोनांत टिकमार्क केले. कोणाकडूनही आलेलं सगळ्यांकडे.

मग एडिटरला मोठ्याचे आवाज मागितले. पडद्यावर हिरवी पट्टी सरकू लागली, नावं एकामागून एक उमटू लागली. मास्तर टाळी वाजवायचेच बाकी होते. इतक्यात धाकट्याच्या स्क्रीनवरही काहीतरी लुकलुकायला लागलं.

"पाहा, पाहा!" मास्तर खूश होऊन म्हणाले. "धाकटाबी खाऊन राहिला!"

खरंच खात होता. मोठ्यानं पाठवलेला आवाज राउटरनं कॉम्प्युटरला वाढला तसा धाकट्यालाही वाढला. दोघं एकाच मॉडेलचे, त्यामुळे धाकट्याला तो आपल्यासाठीच आहे असं वाटलं, आणि त्यानं स्वतःचा आवाज टाकून देऊन तो जागेवर ठेवला. एक, दोन, तीन, चौसष्ट. असं होऊ नये म्हणून पेटीत एक कुलूप असतं. मास्तर सारखे नवे आवाज साठवायचे, म्हणून ते त्यांनी कायमचं उघडं ठेवलं होतं.

आम्हाला कळलं ते पाच मिनिटांनी, धाकट्याची यादी मागितल्यावर. पडद्यावर पुन्हा मोठ्याचीच नावं आली. मी पुन्हा मागितली. पुन्हा तीच. मास्तरांनी धाकट्यावर 'भूत' असायचं तो नंबर लावला आणि सुराची पट्टी दाबली. लग्नाच्या वरातीचं क्लॅरिनेट वाजलं.

समोरचा चहावाला ओरडला, "दीदी, किसकी शादी है?"

मी हात मांडीवर ठेवून बसले. माफी मागायची मला सवय नाही. तरी म्हटलं, "मास्तर, टिकमार्क मी केले."

"सांगतलो मी." ते डब्याचं झाकण लावत होते, लागत नव्हतं. "अर्धी चूक तुमची, अर्धी माझी. आपल्याइथं कोनी एकट्यानं खात नाही." मग गाडीची वेळ विचारली आणि दोन्ही पेट्या माझ्याकडे ठेवून निघून गेले. त्या दिवशी त्यांच्या खांद्यावर नुसती गोधडी होती.

मला वाटलं, आता येणार नाहीत. दुसऱ्या दिवशी सव्वादहाला हजर. "पेटी रिकामी झाली, मी नाही झालो. बसा बाई, तुमचं काम आहे."

"माझं काय काम? मला सूर कळत नाही."

"म्हणून त."

मला खरंच सूर कळत नाही. आरती आणि राष्ट्रगीत यांतला फरक मी शब्दांवरून ओळखते. मास्तरांचं म्हणणं असं की नाटकाला दोन हजार माणूस बसतं, त्यातल्या हजारांचे कान माझ्यासारखेच. जिला काहीच कळत नाही तिनं जो आवाज ओळखला, तो पास. मग पुढचे तीन आठवडे मी मिक्सर उघडून बसायची, ते कोपऱ्यात पेटीचे बटण फिरवत बसायचे, आणि मधेच विचारायचे.

"हा काय होय?"

"कावळा."

"बरोबर. हा?"

"डास."

"आगगाडी होय तो."

"मग लांब आहे."

ते आणखी फिरवत. एकदा त्यांनी सनई म्हणून ऐकवलेल्या आवाजाला मी मान वर न करता म्हटलं, "मिक्सर. बुश झिजलाय." मास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. पण आवाज पुसला नाही. 'मिक्सर' नावानं साठवून ठेवला.

'सरपंच' जमेपर्यंत तो त्यांनी एका दिवसात चाळीसेक वेळा वाजवला. तिसऱ्या प्रहरी चहावाला स्वतः उठून आला आणि हात जोडून म्हणाला, "दीदी, कौन मर गया, एक बार बता दो, मैं हो आता हूँ।" मास्तरांनी त्याला चिवडा दिला आणि मला म्हणाले, "जमला."

सगळ्यांत जास्त वेळ 'रडणं दोन'नं घेतला. पोरगी सासरी जाते, बाप खांबाला टेकून उभा राहतो, तेव्हाचा आवाज. एकोणीस वर्षांपूर्वी तो त्यांना सापडला होता, कसा ते आता आठवत नव्हतं. रोज नवा करायचे. मी रोज सांगायची, कुत्रं. मांजर. दाराचं बिजागर. त्यांचा चेहरा उतरत चालला. एकदा म्हणाले, "बाई, हा नाही सापडला त त्या सीनले मी हात वर करून बसन. दुसरा कोनताबी लावला त पब्लिकले समजन का म्हातारा विसरला." हे त्यांनी हसत सांगितलं, पण त्या दिवशी डबा उघडायचं ते विसरले. मीच आठवण केली.

सीझनला चार दिवस उरले होते. दुकानात एक बाई इन्व्हर्टरवरून माझ्याशी भांडत होती. पंधरा मिनिटं झाली, वॉरंटी, पावती, माझे संस्कार, सगळं काढून झालं होतं. कोपऱ्यात मास्तरांनी एक सूर लावला. ती बाई बोलता बोलता थांबली. पदर सारखा केला, आणि म्हणाली, "ठीक आहे, उद्या येते," आणि निघून गेली.

मास्तर माझ्याकडे बघत होते.

"हा ठेवा," मी म्हटलं.

मंडईच्या नाटकापर्यंत एक्कावन्न आवाज झाले. उरलेले संक्रांतीपर्यंत. मी नाटकाला गेले नाही, मला सकाळी दुकान उघडायचं असतं. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. खबर अशी की रडण्याच्या सीनला बाया रडल्या आणि गिरणीच्या सीनला मास्तरांनी 'मिक्सर' लावला, तर पब्लिकनं टाळी दिली. "बुश झिजलेलाच वाजवलो," ते म्हणाले. "गावची गिरनीबी तशीच होय."

त्यानंतर दर महिन्याला ते नक्कल काढायला यायचे. आता नियम कडक होता. एका वेळी एक पेटी, एक टिकमार्क. मी बाकीचे चौकोन पुसायला लागले की मास्तर स्टूल फिरवून रस्त्याकडे तोंड करून बसत. मी म्हणायची, "झालं, बघा इकडे," तेव्हाच वळत. बॅटरी मात्र त्यांनी शेवटपर्यंत बदलू दिली नाही. "चालून राहिली ना? मंग कायले छेडता?"

मागच्या पावसाळ्यात रोवणीच्या दिवसांत ते धानाच्या बांधीतून घरी आले, हातपाय धुतले, पाणी मागितलं आणि ते आणेपर्यंत गेले. मला तिसऱ्या दिवशी कळलं. सौंदडला जाऊन आले. अंगणात जेवण होतं. मी न जेवता निघत होते, तर त्यांच्या सुनेनं, रंजनानं, हात धरून बसवलं.

दिवाळीनंतर तीच दोन्ही पेट्या घेऊन आली. "ताई, मोठा ठीक आहे. धाकटा चालू केला का रोज काहीतरी लिहून येते. मामाजीचे आवाज जाऊ नका देऊ. मले वाजवता नाही येत, पन जाऊ नका देऊ."

तर आज दुकान बंद ठेवून ते केलं. आधी एकट्या धाकट्याची ताजी नक्कल काढली, जुन्या नकलेशी एकेक नाव ताडून पाहिलं. मग दहा स्क्रू काढले. गोळी काढली, नवी बसवली, पेटी चालू केली. चौसष्ट जागा, चौसष्ट रिकाम्या. हे होणार, हे मला ठाऊक होतं. तरी पुन्हा एकदा मोजल्या. मोठ्याच्या वायरी मी राउटरमधून उपसून पलीकडच्या टेबलावर नेऊन ठेवल्या होत्या. कॉम्प्युटरकडून धाकट्याकडे एक टिकमार्क केला, दोनदा तपासला आणि आवाज पाठवले. हिरवी पट्टी सरकत सरकत शेवटाला गेली.

मग एका बोटानं पहिल्यापासून चौसष्टाव्यापर्यंत एकेक वाजवून पाहिला. नाव झाकून ठेवलं होतं. त्रेसष्ट ओळखले. एक चुकला, पण तो मास्तरांच्या वेळीही चुकायचा.

कागदावर 'काम झाले' लिहून पेटीला चिकटवलं आणि घरी आले. आता हे लिहिताना वाटतं, काम झालेलं नाही. नवी गोळी दहा वर्षं टिकेल. माझा कॉम्प्युटर आत्ताच नऊ वर्षांचा आहे. रंजनाच्या घराचं छप्पर गळतं. एकाच पेटीत ठेवलेली गोष्ट एका दुपारी, पाच मिनिटांत, एका शहाण्या बाईच्या हातून जाऊ शकते.

१९ जानेवारी, सोमवार. सकाळी सातला रंजनाला फोन करून विचारलं, आवाज बाकीच्या आर्गनवाल्यांना देऊ का. ती म्हणाली, "द्या ताई." आठच्या आत मी सहा आर्गनवाल्यांना फोन केले. आमगाव, गोरेगाव, देवरी, सगळीकडे. सांगितलं, गजभिये मास्तरांचे आवाज आहेत, त्याच मॉडेलची पेटी असेल तर घेऊन या, आपल्या वायरी आणा, आणि पेटीत काही ठेवण्यासारखं असेल तर आधी सांगा. मास्तर रागावले असते. रागावू देत.

तिरोड्याचे पटले साडेनऊलाच आले. पेटी मोटरसायकलला बांधलेली, अंगावर इस्त्रीचा शर्ट. दारातूनच त्यांनी विचारलं, "मॅडम, ते रडणं कितव्या नंबरवर आहे?"

मी स्टूल पुढे सरकवलं. म्हटलं, "आधी जेवलात का?"